सर्व मुलांसाठी शिक्षक घडवताना
वर्गातील वेगवेगळ्या गरजांची मुले ओळखणे हा आता शिक्षक-प्रशिक्षणाचा भाग आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले. समावेशक शाळा हा विषयही अभ्यासक्रमात आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमताही मोडते. खरी तयारी मात्र आंतरवासितेत, शाळेत शिकवतानाच होते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकासमोर गप्प बसते, तेव्हा त्याला ‘मंद’ ठरवणे अन्यायाचे आहे. त्याच्या भाषेतले शब्द, चित्रे, तोंडी उत्तरांची मुभा यांनी ते बोलते होते. वाचताना अडखळणाऱ्याला जादा वेळ लागतो. हे सारे पाठटाचणातून समजत नाही. त्यासाठी छात्राध्यापकाला एकाच वर्गासोबत सलग काही आठवडे राहावे लागते.