स्वस्त रोहित्राची महाग किंमत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गावाच्या वेशीवर दोन खांबांच्या मधे बसवलेली राखाडी पेटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आपण तिला ‘डीपी’ म्हणतो. त्या पेटीतले मुख्य यंत्र म्हणजे रोहित्र, अर्थात ट्रान्सफॉर्मर. जवळ उभे राहिले की त्याची गुणगुण ऐकू येते. मध्यरात्री गावातला एकही दिवा लागलेला नसो, शेतातले सगळे पंप बंद असोत, ती गुणगुण थांबत नाही. कारण त्या वेळीही रोहित्र थोडी वीज खातच असते. ही वीज किती खाल्ली जावी, हे खांबावर ठरत नाही. ते ठरते त्याआधी कितीतरी महिने, कार्यालयातल्या एका कागदावर. तो कागद म्हणजे खरेदीची निविदा.

रोहित्रात वीज दोन ठिकाणी वाया जाते. एक, आतल्या पोलादी गाभ्यात. ही हानी चोवीस तास चालू. दुसरी, त्याभोवती गुंडाळलेल्या तारांच्या वेटोळ्यांत. ही भारावर अवलंबून असते. भार दुप्पट झाला की ती चौपट होते. गाभ्याचे पोलाद उत्तम प्रतीचे आणि तार जाड असेल तर दोन्ही हानी कमी होतात. पण चांगले पोलाद आणि जाड तार महाग. साहजिकच, जो कारखानदार यात काटकसर करतो त्याचा भाव सर्वांत कमी येतो. निविदेत फक्त भावच पाहिला, तर काम त्यालाच मिळणार.

आता थोडा हिशेब करू. भारतीय मानक ‘आयएस ११८०’च्या २०१४ सालच्या आवृत्तीने वितरण रोहित्रांसाठी हानीच्या तीन पातळ्या आखून दिल्या. १०० केव्हीए क्षमतेचे रोहित्र घ्या. अर्ध्या भारावर पहिल्या पातळीची कमाल हानी ५२० वॉट, तिसऱ्या पातळीची ४३५ वॉट. फरक ८५ वॉटचा, म्हणजे घरातल्या एका पंख्याएवढा. पण हा पंखा कधीच बंद होत नाही. सतत अर्धा भार धरला तर वर्षाला सुमारे ७४५ युनिट आणि २५ वर्षांत साडेअठरा हजारांवर युनिट होतात. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका रोहित्रामागे १३ टन भरतात. आणि रोहित्रे तर राज्यात लाखांनी आहेत.

पैशाचेही तसेच. समजा, कमी हानीचे रोहित्र दहा हजार रुपयांनी महाग आहे आणि युनिटची किंमत पाच रुपये आहे. वर्षाला ३,७२५ रुपये वाचतात. तीन वर्षांच्या आत जादा पैसे वसूल. पुढची बावीस वर्षे निव्वळ फायदा.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. निविदा तपासताना भावात हानीची किंमत मिळवायची. गाभ्याच्या हानीच्या प्रत्येक वॉटला अमुक रुपये, वेटोळ्यांच्या हानीच्या प्रत्येक वॉटला तमुक रुपये. या बेरजेत जो सर्वांत कमी, त्याला काम. मात्र कागदावर लिहिलेले प्रत्यक्षात उतरायला हवे. आलेल्या मालातून काही नग उचलून चाचणी घ्यायची आणि हानी जास्त निघाली तर दंड किंवा माल परत, हेही निविदेतच असावे लागते. जळालेल्या रोहित्रांच्या दुरुस्तीलाही हाच नियम लावला पाहिजे. निकृष्ट तारेने पुन्हा गुंडाळलेले रोहित्र चालू होते खरे, पण आधीपेक्षा जास्त वीज खाते.

निविदेची ताकद विजेच्या हानीपुरती नाही. शहरांत पदपथावर वीजवाहिन्यांच्या पेट्या दिसतात. त्यांतल्या अनेकांत सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू असतो. ठिणगी विझवण्यात तो फार गुणी. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट. एक किलो गळला तर साडेतेवीस टनांचा बोजा! युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदा करून अशा नव्या उपकरणांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. २४ केव्हीपर्यंतच्या उपकरणांना ती काही अपवाद वगळता १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. सर्वांत उच्च दाबाच्या उपकरणांना २०३२ पर्यंत मुदत आहे. तारखा आधीच जाहीर झाल्यामुळे कारखान्यांना कोरडी हवा आणि निर्वात स्विच वापरणारी उपकरणे तयार करायला अवधी मिळाला. अट कडक हवी, पण ती अचानक नको. नाहीतर निविदा भरायला एक-दोघेच उरतात आणि भाव चढतो.

आपल्यासारख्या ग्राहकाचा यात काय संबंध, असे कुणी विचारील. वाया गेलेल्या विजेचे पैसे शेवटी दरातूनच वसूल होतात. वीजदर ठरवण्यापूर्वी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जनसुनावणी घेतो आणि तिथे सामान्य ग्राहकालाही लेखी हरकत नोंदवता येते. एरवी तिथे युनिटच्या दरावर वाद होतो. पुढच्या वेळी एक प्रश्न आणखी विचारावा: नवी रोहित्रे घेताना तुम्ही फक्त भाव पाहिलात, की पंचवीस वर्षांची हानीही मोजलीत?