चारोळीची काडी रुजत का नाही?

रायपूरच्या बाजारात उन्हाळ्यात टोपल्यांतून जांभळट-काळी ‘चार’ येते. तिची कडक आठळी फोडली की आत आपली बासुंदीतली चारोळी! जास्वंदीसारखी फांदी खोचून हे झाड वाढवावं म्हटलं, तर काडी वाळते.

काडीला मुळं फुटायची तर कापलेल्या टोकाशी नव्या पेशी घडाव्या लागतात. आंब्याच्या कुळातल्या या झाडात कापताच फिनॉल द्रव्यं झिरपतात, टोक काळं पडतं. मुळं फुटावीत म्हणून वापरलेल्या इंडोल ब्युटिरिक आम्लात बुडवूनही हमी नसते. हेझलनटची काडीही अशीच हट्टी. तिथे बागवान बुंध्याशी माती चढवून दाब कलम करतात.

चारोळीला मृदकाष्ठ कलम मानवतं. आठळीपासून वाढवलेल्या रोपाचा कोवळा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची. चांगल्या झाडाच्या काडीची पानं आठवडाभर आधी देठ ठेवून कापलेली असतात, म्हणून तिचे डोळे फुगलेले असतात. तिला पाचरीचा आकार देऊन चिरेत बसवायचं, साल सालीला भिडवायची, प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची.

फळांसाठी जंगलात अख्ख्या फांद्या तोडल्या जातात. म्हणून मला ही कलमं शेताच्या बांधावर हवी आहेत. पट्टी मात्र सांधा जुळल्यावर आठवणीनं सोडा. ती खोडात रुतते.