विष बाहेर पडत नाहीये, खाणं कमी पडतंय

सिलिॲक आजाराचं निदान झालं, गहू बंद केला आणि दोन-तीन आठवड्यांत नवीच तक्रार सुरू झाली: सारखी भूक लागते, जिना चढवत नाही. यावर घरचे, शेजारचे, मोबाइलवरचे वैद्य एकच सांगतात, ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय, थोडी कळ काढ.’

हे ऐकून ऐकून आता राग येतो. कळ काढण्याच्या नावाखाली माणसं अर्धपोटी राहतात आणि रक्ताची तपासणी लांबणीवर टाकतात. या आजारात आतड्याला इजा करतं ते ग्लुटेन, म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. त्याचा अंगात साठा होत नाही. खाल्लेलं काही दिवसांत बाहेर जातं. मागे राहते ती लहान आतड्याची इजा. अन्न शोषून घेणारी तिथली मखमली लव झडलेली असते आणि ती सावकाश भरून येते. मेयो क्लिनिकच्या २०१० सालच्या अभ्यासात पथ्यावरच्या प्रौढांपैकी जेमतेम ३४ टक्क्यांचं आतडं दोन वर्षांत पूर्ववत झालेलं आढळलं. पाच वर्षांत ६६ टक्क्यांचं. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि इजाही तिथेच जास्त. म्हणून थकवा असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

भुकेचं कारण तर ताटातच दिसतं. चार पोळ्या गेल्या, त्यांच्या जागी आला वाटीभर भात नाहीतर साबुदाण्याची खिचडी. गव्हात दहा-बारा टक्के प्रथिनं असतात, साबुदाण्यात एक टक्काही नाही. खिचडीतल्या शेंगदाण्यांनी किती भरून काढायचं? दोन तासांत पोट ओरडणारच. ज्वारी-बाजरीची भाकरी खा, सोबत पिठलं, मटकीची उसळ, अंडं, शेंगदाण्याची चटणी घ्या, आणि भूक असेल तर आणखी एक भाकरी घ्या. आजारात वजन घटलं असेल तर शरीर ते परत मागतंच आहे.

‘खपली चालतो, तो जुना गहू’: नाही, खपलीतही ग्लुटेन आहे. रवा, शेवया, लापशी हाही गहूच. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, डबीवरची घटकांची यादी वाचा. ज्वारी गव्हामागून त्याच गिरणीत दळली, तर पिठात गहू उतरतो. ‘एवढ्याशाने काय होतं?’ २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेनने तीन महिन्यांत आतड्याला इजा झाली. एका पोळीत याच्या कितीतरी पट असतं.

आणि निदानाआधीच, कुणाच्या तरी सल्ल्याने गहू सोडायच्या बेतात असाल तर थांबा. गहू बंद केल्यावर सिलिॲकची रक्ततपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. आधी डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या, मग पथ्य.