साथीच्या गोष्टींतली पायवाट

साथ आली की माणूस दार लावून घेतो. मग साथीवर गोष्ट लिहिणारे आपल्या पात्रांना घराबाहेर का काढतात? त्यांना रानात का नेतात, डोंगरावर का चढवतात? आज आपण तीन-चार पुस्तकांच्या आधाराने हेच समजून घेणार आहोत. पुस्तकं परदेशातली आहेत, पण त्यातलं दुखणं तुम्हाला ओळखीचं वाटेल.

सुरुवात इटलीपासून करू. 1348 साली फ्लॉरेन्स शहरात प्लेगने थैमान घातलं. त्यावर बोकाचिओ नावाच्या लेखकाने ‘डेकॅमेरॉन’ हे पुस्तक लिहिलं. त्यात सात तरुणी एका चर्चमध्ये भेटतात. त्यांच्यातली एक म्हणते की इथे बसून मरणं मोजण्यापेक्षा आपण गावाबाहेर जाऊ. मग तीन तरुण त्यांना येऊन मिळतात आणि सगळे चालत शहराबाहेरच्या एका वाड्यावर जातात. तिथे सकाळी बागेत फिरायचं, दुपारी सावलीत बसून गोष्टी सांगायच्या. दहा दिवसांत शंभर गोष्टी होतात. बाहेर पडायचं सुचवणारी बाई आहे, हे लक्षात ठेवा. आणि त्यांच्याकडे वाडे होते, सोबत नोकरचाकर होते, हेही विसरू नका.

बाहेर पडणं हा नुसता हौसेचा भाग नव्हता. प्लेग पसरायचा तो मुख्यतः उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे. आपल्याकडेही 1896 साली मुंबईत आणि पुढे पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्या काळात घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. जुन्या माणसांकडून हे तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल.

पण गरिबाला रान तरी सहज मिळतं का? इंग्लंडच्या डॅनिएल डिफो याने 1722 साली एक पुस्तक लिहिलं, 1665 च्या लंडनमधल्या प्लेगवर. त्यात तीन गरीब माणसं शहर सोडून चालू लागतात. एक बिस्किटं भाजणारा, एक शिडं शिवणारा आणि एक सुतार. वाटेतली गावं त्यांना आत येऊ देत नाहीत. शेवटी ते जंगलाच्या कडेला मुक्काम करतात. हे ऐकून 2020 आठवतं ना? आपल्याही कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ता अडवला होता. आत असलेल्यांना भीती होती आणि बाहेरच्यांना ऊन होतं.

याच्या अगदी उलट गोष्ट ईम गावाची. इंग्लंडच्या डर्बीशायर भागातलं हे गाव. 1665 साली तिथे प्लेग शिरला, तेव्हा पुढे गावकऱ्यांनी धर्मगुरूंचं ऐकून स्वतःलाच कोंडून घेतलं, म्हणजे शेजारच्या गावांना रोग लागू नये. हद्दीवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवायचे आणि बाहेरच्यांनी ठेवलेलं धान्य घ्यायचं. यावर जेराल्डिन ब्रूक्स यांनी 2001 साली ‘इयर ऑफ वंडर्स’ ही कादंबरी लिहिली. ती गोष्ट सांगते अ‍ॅना नावाची मोलकरीण. गावात झाडपाला जाणणाऱ्या दोन बायका असतात. घाबरलेले लोक त्यांना चेटकीण ठरवून त्यांचा जीव घेतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही जाते. मग अ‍ॅना आणि धर्मगुरूंची बायको वनस्पती नव्याने शिकू लागतात. वनस्पतींनी प्लेग बरा होत नव्हता. आज तो वेळेवर दिलेल्या अँटिबायोटिक औषधांनी बरा होतो. पण घाबरलेलं गाव आधी कोणाच्या अंगावर जातं, हे ती कादंबरी नीट दाखवते.

आता आपल्या काळातली कादंबरी. सारा मॉस यांची ‘द फेल’, 2021 साली आलेली. उत्तर इंग्लंडमध्ये ‘फेल’ म्हणजे उंच, उघडा डोंगरमाळ. केट ही एकटीने मुलगा वाढवणारी बाई, कॅफेत काम करणारी. नोव्हेंबर 2020 मध्ये ती कोरोनाच्या रुग्णाच्या संपर्कात येते आणि तिला चौदा दिवस घरात राहावं लागतं. बाहेर पडली तर मोठा दंड. रोज डोंगरात फिरणाऱ्या या बाईचा जीव घरात घुसमटतो. एका संध्याकाळी ती फोन घरीच ठेवून मागच्या दाराने निघते. थोडं चालायचं आणि परत यायचं, एवढाच तिचा विचार. पण अंधार पडतो, ती घसरून पडते आणि उठता येत नाही.

कादंबरी चार जणांच्या मनातून पुढे सरकते. केट, तिचा मुलगा मॅट, शेजारची आजारातून उठलेली म्हातारी अ‍ॅलिस आणि डोंगरात अडकलेल्यांना सोडवायला जाणारा रॉब. रॉब हे काम पगारावर नाही, स्वेच्छेने करतो. त्या रात्री त्याची मुलगी त्याच्याकडे राहायला आलेली असते, तरी तो जातो. मॅट घरात बसून राहतो. आई सांगितलं तर तिला दंड होईल आणि नाही सांगितलं तर जीव जाईल, अशा कोंडीत. शेवट आम्ही सांगत नाही.

केट चुकली का? शास्त्र सांगतं की कोरोना बंद खोलीत जास्त पसरतो, कारण श्वासातले कण तिथे साचून राहतात. मोकळ्या हवेत ते पांगतात. तिच्या चालण्याने कोणाला रोग लागण्याचा धोका फार थोडा होता. पण ती पडल्यावर किती माणसं रात्रीच्या थंडीत बाहेर पडली, तेही खरं. लेखिका निकाल देत नाही. दोन्ही बाजूंचं ओझं आपल्या हातात देते.

मैत्रिणींनो, चालणं सगळ्यांचं सारखं नसतं. 8 मे 2020 रोजी जालन्याहून आपल्या गावाकडे पायी निघालेले 16 मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. त्यांचं चालणं केटसारखं मन मोकळं करायला नव्हतं. आणि आपण? पाण्याला, सरपणाला, शेताला, बाजाराला आपण रोज मैलोनमैल चालतो. हातात काहीच न घेता, कोणाचं काम न काढता बाई निघाली, तर पहिला प्रश्न येतो, “कुठे निघालीस?” केटला कायद्याने अडवलं होतं ते चौदा दिवस. आपल्याला हा प्रश्न साथ नसतानाही अडवतो.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी बोला. लॉकडाऊनमध्ये तुमच्या गावाने कोणाला वेशीवर अडवलं आणि कोणाला भाकरी दिली? आणि कामाशिवाय, फक्त स्वतःसाठी तुम्ही शेवटच्या कधी चालल्या होतात? जमलं तर बैठक संपल्यावर पाच-सहा जणी मिळून गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जाऊन या. डोक्यावर हंडा नको.