दोन फुटांवरून दिसणारा ट्रॅक

गो-कार्टचा ट्रॅक आखणारा माणूस कागदाकडे वरून पाहतो. चालवणारा मात्र तोच ट्रॅक जमिनीपासून जेमतेम दोन-सव्वादोन फुटांवरून पाहतो. कार्टची सीट रस्त्यापासून काही बोटेच वर असते, त्यामुळे बसलेल्या माणसाचे डोळे फार तर जेवणाच्या टेबलाच्या उंचीवर येतात. नकाशावर देखणे दिसणारे वळण तिथून नुसती टायरांची काळी भिंत वाटते आणि डावीकडे जायचे की उजवीकडे, हे उमगेपर्यंत वळण अंगावर आलेले असते.

वसईत होळीजवळ राहणाऱ्या आणि अर्नाळ्याकडे रिसॉर्ट चालवणाऱ्या एका परिचितांनी मध्यंतरी असाच नकाशा आणून दाखवला. दीडशे मीटरचा सरळ पट्टा, शेवटी घट्ट वळसा, परत तसाच पट्टा, परत वळसा. "डॉक्टर, प्रथमोपचाराची पेटी कुठे ठेवू, तेवढं सांगा," म्हणाले. डॉक्टरला विचारण्याजोगे प्रश्न पेटीच्या बरेच आधी सुरू होतात. शिवाय शरीराला जपणारा ट्रॅक आणि चालवायला मजा येणारा ट्रॅक बहुतेक वेळा एकच निघतो, हे त्यांना पटवायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

कार्ट हे वाहन मुळातच साधे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसगाड्या बनवणाऱ्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचे इंजिन लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवले आणि हा खेळ जन्माला आला. पुढे आयर्टन सेना आणि मायकेल शूमाकर याच खेळण्यावर शिकले. आपल्याकडे कोल्हापुरात मोहिते यांचा एक किलोमीटरहून लांब ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. रिसॉर्टच्या मागच्या आवारात एवढी जागा कुणाकडे नसते. पण मजा लांबीवर फारशी अवलंबून नाही.

ती पहिल्यांदा डोळ्यांवर अवलंबून आहे. मायकेल लँड आणि डेव्हिड ली या शास्त्रज्ञांनी वळणदार रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांची नजर नेमकी कुठे असते, हे मोजून १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. वळण येण्याच्या एक-दोन सेकंद आधीच नजर वळणाच्या आतल्या कडेवर जाते आणि वळणभर पुन्हा पुन्हा तिथेच परतते. ताशी ४० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत कार्ट २२ मीटर पुढे जाते. म्हणजे पुढच्या वळणाची आतली कड निदान तेवढ्या अंतरावरून, तेही सव्वादोन फुटांच्या उंचीवरून दिसायला हवी. आतल्या कडेला कमरेइतके टायर रचले की ही वाट बंद होते. तिथे जमिनीलगतची रंगवलेली, बुटकी कड बरी. उंच भिंत हवी ती बाहेरच्या बाजूला, कारण घसरलेली कार्ट तिकडेच जाते.

दुसरी गोष्ट कानाची. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळायला लागले की आणि वळायचे थांबले की मेंदूला कळवतात. एकसारखे फिरत राहिले तर त्यांचा निरोप ओसरतो. लांबलचक सरळ पट्ट्यावर तर त्यांना कामच नसते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबून ठेवायचा आणि वाट पाहायची. तेच डावे-उजवे-डावे अशी जोडवळणे असली, की वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाते आणि डोळे, कान, हात यांना उसंत मिळत नाही. माझ्या मते ट्रॅकचा जीव इथे असतो. त्यातही पहिले वळण असे हवे, की तिथे थोडी पदरमोड करून हळू, बाहेरून गेले तर दुसऱ्यातून सुसाट निघता यावे. नवखा पहिल्याच वळणात सगळा वेग उधळतो आणि दुसऱ्यात अडकतो. पाचव्या फेरीला त्याला काहीतरी उमगते, आणि तो पुन्हा तिकीट काढतो. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी तल्लीनतेचे वर्णन करताना सांगितले ते हेच: आव्हान आपल्या कौशल्याच्या बरोबरीचे असले, की माणूस कंटाळतही नाही आणि घाबरतही नाही.

घट्ट वळशांचा सोस मात्र नको. कार्टच्या मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सलग दांडा असतो, त्यामुळे ती दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात. वळताना आतले मागचे चाक किंचित उचलले गेले तरच कार्ट मोकळेपणी वळते. फारच घट्ट, संथ वळणात ते नीट उचलले जात नाही. वेग मरतो, आणि भाड्याच्या कार्टला गिअर नसल्याने इंजिन कितीतरी वेळ कण्हत राहते. असे वळण एखादे असावे, तेही पुढच्याला गाठता येईल अशा सरळ पट्ट्याच्या शेवटी. तिथे रस्ता मुद्दाम रुंद ठेवावा, कारण दीड मीटर रुंदीच्या दोन कार्ट शेजारी-शेजारी मावल्या तरच शर्यत होते.

आता मान आणि बरगड्या. ताशी ४० च्या वेगाने १२ मीटर त्रिज्येचे वळण घेतले, की शरीरावर आडवा जोर जवळपास आपल्या वजनाइतका पडतो. डोके आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले, तर तेवढे ओझे मानेने आडवे तोलायचे. कार्टला सस्पेन्शन नसल्याने रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळतो आणि सीटची टणक कड बाहेरच्या बाजूच्या बरगड्यांत रुतते. नियमित चालवणारे बरगड्यांना संरक्षक पट्टा बांधतात, तो उगीच नाही. सगळी मोठी वळणे एकाच दिशेची असली तर एकच बाजू मार खाते. जपानमधला सुझुकाचा प्रसिद्ध ट्रॅक १९६२ पासून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, त्यामुळे तिथे डावी-उजवी वळणे बऱ्यापैकी वाटली गेली आहेत. आपल्याला पूल बांधायची गरज नाही, पण वळणे मोजून वाटता येतात. चालवताना नाडी मिनिटाला दीडशेच्या आसपास जाऊ शकते, हातही थकतात. हौशी माणसाला एका वेळी आठ-दहा मिनिटे पुरतात. हृदयविकार, मानेचे किंवा कमरेचे जुने दुखणे आणि गरोदरपण असताना बाकावर बसून टाळ्या वाजवाव्यात.

चाळिसाच्या वेगाने भिंतीला धडकणे म्हणजे सहा मीटरवरून, दोन मजल्यांच्या उंचीवरून खाली पडण्यासारखे आहे. कार्ट अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर शरीराला सरासरी बारा-तेरा पट वजनाचा हिसका बसतो, दोन मीटरमध्ये थांबली तर तीन पटच. सगळा फरक टायरांच्या भिंतीचा. पण टायर सुटे रचले तर कार्टचे नाक त्यांच्याखाली घुसते. ते एकमेकांना बोल्टने बांधून समोरून रबरी पट्टा लावावा, म्हणजे कार्ट घासत पुढे सरकते. अशी कड असलेल्या ट्रॅकवर माणूस वेगळी वाट आजमावून पाहायला धजावतो. सिमेंटच्या भिंतीशेजारी कुणी काही आजमावत नाही.

एक धोका मात्र नकाशात कधीच दिसत नाही. फिरता दांडा आणि इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीशीच असतात. २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ केस कार्टमध्ये अडकून तरुणींचा जीव गेला. अशा ओढीने डोक्याची कातडी सोलवटते, मान तुटू शकते. प्रथमोपचाराच्या पेटीत यावर उत्तर नाही. दांड्यावर बंदिस्त झाकण, हेल्मेटच्या आत कापडी टोपीखाली बांधलेले केस, आणि ओढणी, स्कार्फ, मफलर काढून ठेवण्याची खोली हे सगळे तिकीट खिडकीच्या आणि ट्रॅकच्या मध्ये हवे. माणूस त्यातून गेल्याशिवाय कार्टपर्यंत पोहोचूच नये, अशी वाट आखावी.

राहिला पाऊस. आमच्याकडची जमीन सखल, मिठागरांच्या शेजारची. जूनमध्ये कुठे तळे होईल याचा भरवसा नाही. कोरड्या ट्रॅकवर जिथून सगळे जातात तिथे टायरचे रबर बसलेले असते आणि पावसात नेमका तोच भाग साबणासारखा होतो. म्हणून जाणते चालक पावसात वळणाची नेहमीची वाट सोडून बाहेरून जातात. ट्रॅक रुंद असला तरच ही दुसरी वाट मिळते. ब्रेक दाबायच्या जागी मात्र थेंबभरही पाणी साचता कामा नये. मी परिचितांना म्हटले, यंदा डांबर घालू नका. नुसती माती सपाट करून ठेवा, पहिला मोठा पाऊस पडू द्या आणि जिथे जिथे डबके दिसेल तिथे खुंटी ठोकून या.