‘पास्का’ आणि ‘पेसहा’ : एका शब्दाचे दोन अर्थ

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या परिसरात मराठी, माडिया व तेलुगू या तीन भाषांचा नित्य संपर्क आहे. हा जिल्हा ज्या कॅथलिक धर्मप्रांतात मोडतो, त्या चांदा धर्मप्रांताची परंपरा मात्र केरळातील सिरो-मलबार पंथाची आहे. १९६२ मध्ये येथे त्या पंथाचे धर्मक्षेत्र स्थापन झाले व १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. याउलट कोकणपट्टीतील कॅथलिक परंपरा पोर्तुगीज अमलात घडली. यामुळे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाशी निगडित असा एकच प्राचीन शब्द महाराष्ट्राच्या दोन टोकांना दोन निरनिराळ्या वाटांनी पोहोचतो.

या शब्दाचे मूळ हिब्रू ‘पेसाह’ हे होय. मिसर देशातील दास्यातून सुटका होताना संहारकर्ता इस्राएलांची घरे ओलांडून पुढे गेला, या घटनेचे स्मरण त्यात आहे. ‘ओलांडणे’ याच कल्पनेवरून मराठी बायबलात ‘वल्हांडण’ हा शब्द योजिलेला आहे. हिब्रूचे भावंड असलेल्या अरामी भाषेतून हा शब्द ग्रीकमध्ये ‘पास्खा’ झाला. तेथून तो लॅटिनमध्ये व पुढे पोर्तुगीजमध्ये गेला, आणि गोव्यात ‘पास्कांचें फेस्त’ हे नाव रूढ झाले. दुसरी वाट सिरियाक भाषेची. अरामीचीच शाखा असलेली ही भाषा केरळच्या ख्रिस्ती समाजाची उपासनाभाषा होती. तिच्यातून मलयाळममध्ये ‘पेसहा’ आला.

उगम एक असला, तरी अर्थ एक राहिला नाही. गोव्यातील ‘पास्का’ म्हणजे पुनरुत्थानाचा रविवार. केरळातील ‘पेसहा’ म्हणजे त्याआधीचा गुरुवार, अर्थात येशूच्या अखेरच्या भोजनाचा दिवस. रविवारच्या सणाला मलयाळममध्ये ‘उयिर्प्पु’, म्हणजे ‘पुन्हा जिवंत होणे’, असे स्वतंत्र नाव आहे. ‘पेसहा’चा हा अर्थ टिकून राहण्यास घरगुती आचाराचा आधार आहे. त्या रात्री तांदूळ व उडीद यांची न आंबविलेली भाकरी करतात, तिच्यावर झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या पात्यांचा क्रूस ठेवतात, आणि घरातील वडीलधारा पुरुष ती कापून नारळाचे दूध व गूळ यांच्या पेयासह सर्वांना वाटतो. यहुदी वल्हांडणाच्या बेखमीर भाकरीशी असलेले या आचाराचे साम्य उघड आहे.

मराठीत रूढ असलेल्या ‘ईस्टर’ या इंग्रजी नावाचा या कुळाशी संबंध नाही. आठव्या शतकातील बीड या इंग्रज इतिहासकाराने ते ‘एओस्त्रे’ नामक देवतेशी जोडले आहे. ‘पुनरुत्थान’ हा संस्कृत शब्द सिद्धान्त स्पष्ट करतो. परंतु भोजन, सुटका व ओलांडणे यांची स्मृती त्यात उरत नाही.

म्हणून कोशकाराने ‘पास्का’ व ‘पेसहा’ यांना पर्यायी शब्द मानणे सदोष ठरेल. अनुवादकाचा प्रश्न याहून बिकट आहे. हा सण वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी, २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात येतो. आलापल्लीच्या रानात तेव्हा मोहाचा हंगाम असतो. माडिया भाषेत सणाला ‘पंडुम’ म्हणतात. परंतु त्या शब्दामागे नव्या फळाफुलांचे विधिपूर्वक प्रथम सेवन उभे आहे. तो शब्द स्वीकारला, तर श्रोत्याला सण कळेल, पण त्यामागची कथा वेगळी सांगावी लागेल. परका शब्द ठेवला, तर कथा राहील, पण सण परका वाटेल. शब्दाचा अर्थ व्युत्पत्ती ठरवीत नाही. तो त्या दिवशी घरात काय घडते, यावर ठरतो.