दुसऱ्या रिंगपर्यंत थांबा!

डायल-अपच्या काळात ऑफिसच्या नेटवर्कचं दार म्हणजे एक साधा फोन नंबर. कुणीही फिरवावा, पलीकडचा मोडेम किंचाळत उत्तर देणारच! १९८३च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटातला शाळकरी पोरगा ओळीने नंबर फिरवून संगणक हुडकतो. त्या उद्योगाला ‘वॉर डायलिंग’ हे नावही त्या चित्रपटावरूनच पडलं. मग एक झकास युक्ती निघाली. फोन उचलण्याआधीच कॉलर आयडी वाचायचा, नंबर यादीत असेल तरच उचलायचा.

पण नंबर येतो कधी? अमेरिकेत पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत, सेकंदाला १२०० बिट या वेगाने. ‘५६ के’ मोडेमलासुद्धा पाहुण्याचा नंबर याच वेगाने कळायचा. पहिल्याच रिंगला उचललात तर नंबर हुकला! ब्रिटनमध्ये तो पहिल्या रिंगच्याही आधी येतो. आयएसडीएनचा थाट आणखी वेगळा. तिथे कॉलच्या निरोपातच नंबर असतो, त्यामुळे नको तो कॉल न उचलताच परतवता येतो.

लिनक्सवरच्या ‘एमगेटी’ या प्रोग्रॅममध्ये तर नंबरांची साधी फाइल पुरायची. नंबरापुढे उद्गारचिन्ह दिलं की तो बाद. नकोशा माणसाला मोडेमचा आवाजच ऐकू येत नाही, फोन नुसता वाजत राहतो. इथे संगणक आहे, याचा पत्ताच लागत नाही! मला या युक्तीतलं हेच सगळ्यात आवडतं. विंडोज २०००मध्येही प्रत्येक यूजरला ठरावीक नंबराशी बांधून टाकायची सोय होती. अडचण एवढीच, की हॉटेलातून फोन केला तर हक्काचा माणूसही दाराबाहेर.

आपल्याकडे बीएसएनएल, एमटीएनएलने हाच नंबर वेगळ्या कामाला लावला. ‘सीएलआय’ म्हणजे कॉलर आयडीवर चालणाऱ्या इंटरनेटमध्ये तुमचा लँडलाइन नंबर हीच ओळख असायची, आणि इंटरनेटचा आकार थेट फोनच्या बिलात!

आता कॉलर आयडीतली खोट. अमेरिकेत *६७ दाबून नंबर लपवता येतो, पण बिननंबरी कॉल नाकारणं सोपं. खोटा नंबर मात्र घातक. ऑफिसच्या डिजिटल लाइनवरून हवा तो नंबर पाठवणं शक्य होतं, पुढे इंटरनेट फोनने ते फारच स्वस्त केलं. फसवणुकीसाठी असा नंबर दाखवण्यावर अमेरिकेत कायद्याने बंदी आली ती थेट डिसेंबर २०१०मध्ये.

यावर तोड कॉलबॅकची. सर्व्हर फोन ठेवतो आणि नोंदलेल्या नंबरावर स्वतः फोन लावतो. नंबर खोटा असेल तर घंटी खऱ्या मालकाकडे वाजते. त्यातही चोर फोन न ठेवता नकली डायल टोन ऐकवायचे, म्हणून जाणकार उलट फोन दुसऱ्याच लाइनवरून लावायचे.

तुमच्या कारखान्यात एखाद्या जुन्या यंत्राला अजून मोडेम जोडलेला असेल, तर नंबरांची यादी जरूर ठेवा. पासवर्ड मात्र काढू नका.